आपली नक्कल आपल्या घरी

आपल्या मराठीत पैशाच्या व्यवहाराचे जे शब्द आहेत, ते एकदा सलग उच्चारून पाहा. जमा, खर्च, हिशेब, बाकी, वसूल, दफ्तर, नक्कल, अस्सल. फारसी-अरबीतून आलेले हे शब्द शेकडो वर्षांत इतके मराठी झाले, की ते बाहेरचे आहेत असं कुणाला वाटतही नाही. मी कवी माणूस, शिक्षण बी.ए.पर्यंत. आकड्यांशी माझं फारसं सख्य नाही. पण शब्दांच्या मागे जायची खोड आहे. ‘अस्सल’ आणि ‘नक्कल’ हे शब्द आज आपण विरुद्ध अर्थानं वापरतो. अस्सल म्हणजे खरं, नक्कल म्हणजे खोटं. जुन्या दफ्तरांत मात्र नक्कल ही अस्सलाची राखणदार होती. मराठेशाहीतल्या कितीतरी सनदांच्या शेवटी एक ठरावीक सूचना असे. या पत्राची तालीक, म्हणजे नक्कल, लिहून घ्यावी आणि मूळ पत्र धारकाला परत द्यावं, असा तिचा अर्थ. एका ठिकाणचा कागद जळाला, वाळवीनं खाल्ला किंवा कुणी त्यात खाडाखोड केली, तर दुसरीकडची नक्कल साक्षीला उभी राहायची.

आज ज्या विषयावर बोलायचं आहे, तो वरवर पाहता या कागदांपासून फार लांबचा आहे. बिटकॉइन. हा शब्द आपल्या कानावर पडतो तो भावाच्या संदर्भात. आज इतका चढला, काल इतका पडला. भावाबद्दल मी बोलणार नाही, आणि सल्ला तर मुळीच देणार नाही. मला बोलायचं आहे ते या चलनाच्या वहीबद्दल, आणि ती अख्खी वही आपल्या घरातल्या संगणकावर सांभाळणाऱ्या साध्या माणसांबद्दल. अशा संगणकाला ‘फुल नोड’ म्हणतात. नोड म्हणजे जाळ्यातली गाठ. या गाठी कशा बांधल्या गेल्या आणि त्या सुटू नयेत म्हणून काय काय भांडणं झाली, त्याचा हा इतिहास आहे.

भिशीचं उदाहरण घेऊ. दहा-बारा बायका मिळून भिशी लावतात. वही एकीकडे असते. बाकीच्या तिच्यावर विश्वास ठेवतात, कारण ती शेजारीण असते, तिचं घर माहीत असतं. आता समजा, भिशीत लाखभर माणसं आहेत, वेगवेगळ्या देशांतली, एकमेकांची नावंही ठाऊक नसलेली. वही कुणाकडे द्यायची? बँक हे या प्रश्नाचं जुनं उत्तर. २००८च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत लेहमन ब्रदर्स कोसळली आणि त्या उत्तरावरचा विश्वास जगभर डळमळला. त्यानंतर दीड महिन्यानं, ३१ ऑक्टोबर २००८ रोजी, सातोशी नाकामोतो हे नाव घेतलेल्या आणि आजवर निर्विवाद ओळख न पटलेल्या व्यक्तीनं नऊ पानांचा एक निबंध प्रसिद्ध केला. त्याचं सार एका वाक्यात सांगता येतं. वही कुणा एकाकडे द्यायचीच नाही. ती प्रत्येकाकडे पूर्ण असावी, आणि येणारी प्रत्येक नोंद प्रत्येकानं स्वतः तपासून घ्यावी.

या वहीचं पहिलं पान ३ जानेवारी २००९ या तारखेचं आहे. पानाला त्यांच्या भाषेत ‘ब्लॉक’ म्हणतात. लंडनच्या ‘द टाइम्स’ या वृत्तपत्रात त्या दिवशी बँकांना सरकारी मदत देण्याच्या बातमीचा मथळा होता. तो नाकामोतोनं या पहिल्या पानात कायमचा कोरून ठेवला. पुढच्या आठवड्यात सॉफ्टवेअरची ०.१ ही आवृत्ती लोकांसाठी खुली झाली. ती फक्त विंडोजवर चालायची. कॅलिफोर्नियातल्या हॅल फिनी या जाणत्या प्रोग्रामरनं ती लगेच उतरवून घेतली आणि आपण बिटकॉइन चालवत आहोत, एवढंच ट्विटरवर दोन शब्दांत जाहीर केलं. १२ जानेवारीला नाकामोतोनं त्याला १० बिटकॉइन पाठवले. दोन माणसांमधला या वहीतला तो पहिला व्यवहार.

फिनीनं पुढे लिहून ठेवलं आहे, की काही दिवसांनी त्यानं तो प्रोग्राम बंद केला. कारण? संगणक तापायचा आणि पंख्याच्या आवाजाचा त्रास व्हायचा. इतिहासाची पहिली पानं बहुधा अशीच घरगुती असतात. त्याच वर्षी त्याला स्नायू हळूहळू निकामी करणारा असाध्य आजार झाल्याचं कळलं. शरीर थांबत गेलं, तरी तो डोळ्यांच्या हालचालींवर चालणाऱ्या यंत्राच्या मदतीनं प्रोग्राम लिहीत राहिला. ऑगस्ट २०१४मध्ये तो वारला.

फिनीचा पंखा का घरघरत होता, ते समजून घेतलं पाहिजे. सुरुवातीला वही ठेवणारा आणि वहीत नवं पान लिहिणारा एकच होता. सरासरी दर दहा मिनिटांनी एक नवं पान जोडलं जातं. ते लिहिण्याचा मान मिळवायला संगणकांमध्ये आकडेमोडीची शर्यत लागते आणि जिंकणाऱ्याला नवे बिटकॉइन मिळतात. सुरुवातीला एका पानामागे ५० मिळत. साधारण दर चार वर्षांनी ते निम्मे होतात आणि एप्रिल २०२४पासून ते ३.१२५ झाले. या शर्यतीला ‘मायनिंग’ म्हणतात. इनाम मोठं झालं तशी ही शर्यत घरातून बाहेर पडली आणि खास यंत्रांच्या प्रचंड शेडमध्ये गेली. घरात उरलं ते तपासणीचं काम. लिहिणारा वेगळा झाला, तपासणारा वेगळा झाला.

हे नातं मला समजलं ते माझ्या ओळखीच्या एका दृश्यातून. रमजानमध्ये तरावीहच्या नमाजात हाफिज कुराण तोंडपाठ म्हणत जातो. पुष्कळ ठिकाणी त्याच्या मागच्या रांगेत आणखी एक हाफिज उभा असतो. तो पुढे येत नाही, त्याच्याकडे कुणाचं लक्षही नसतं. पण पुढच्याचा एखादा शब्द चुकला किंवा आयत सुटली, की तो मागूनच बरोबर शब्द देतो. याला ‘लुकमा देणं’ म्हणतात. पुढचा थांबतो, सुधारतो आणि मग पुढे जातो. फुल नोडचं काम असं मागे उभं राहण्याचं आहे. सही खरी आहे ना, एकच पैसा दोनदा खर्च झालेला नाही ना, पान लिहिणाऱ्यानं ठरल्यापेक्षा जास्त इनाम घेतलं नाही ना, पानाचा आकार मर्यादेत आहे ना, हे तो प्रत्येक पानावर तपासतो. एकही गोष्ट चुकली, की ते पान बाजूला टाकतो आणि शेजारच्या नोडकडे पाठवत नाही.

ही गाठ बांधायची कशी, हे पाहायची मला उत्सुकता होती. माझा भाचा संगणकातला. त्याच्या मदतीनं घरातल्या जुन्या संगणकात एक टेराबाइटची नवी डिस्क बसवली आणि ‘बिटकॉइन कोअर’ हे सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. २०१४मध्ये मूळ प्रोग्रामला हे नाव मिळालं. ते फुकट आहे आणि त्याची ओळन् ओळ कुणालाही वाचता येते. मला वाटलं, आता बटण दाबायचं. पण भाच्यानं आधी उतरवलेल्या फाइलचा अंकी ठसा काढला आणि प्रकाशित केलेल्या ठशाशी अक्षर-अक्षर ताडून पाहिला. मग त्या ठशांच्या यादीवरच्या प्रोग्रामरांच्या डिजिटल सह्या तपासल्या. मी म्हटलं, “एवढा खटाटोप कशाला?” तो म्हणाला, “मामू, तपासणारं सॉफ्टवेअरच न तपासता लावलं, तर पुढच्या तपासणीला काय अर्थ?” मला हे उत्तर पटलं.

प्रोग्राम सुरू झाल्यावर तो दोनच प्रश्न विचारतो. वही कुठे ठेवायची, आणि पूर्ण ठेवायची की वाचून झालेली जुनी पानं काढून टाकायची? मग तो जगातल्या आठ-दहा अनोळखी नोडशी जोडून घेतो आणि कामाला लागतो. आधी सगळ्या पानांची नुसती शीर्षकं मागवतो, ती एकमेकांना जुळतात का पाहतो आणि नंतर पानं आणतो. ३ जानेवारी २००९पासून सुरुवात. पडद्यावर तारखा सरकत जातात. २००९ आणि २०१० ही वर्षं पाहता पाहता संपली, कारण तेव्हाची पानं जवळजवळ कोरी आहेत. पुढे मात्र गर्दी वाढत गेली आणि प्रोग्राम बैलगाडीच्या वेगानं चालू लागला. आमच्या जुन्या संगणकाला आठ दिवस लागले. मध्ये दोनदा लाइट गेली. अचानक वीज गेली तर लिहिता लिहिता वही बिघडू शकते आणि तपासणी पुन्हा करावी लागू शकते, म्हणून भाच्यानं आधीच इन्व्हर्टरची सोय केली होती.

आज ही पूर्ण वही ७०० गीगाबाइटच्या आसपास आहे. ज्याच्याकडे एवढी जागा नाही, त्याच्यासाठी २०१५मधल्या ०.११ या आवृत्तीपासून छाटणीची सोय आहे. नोड सगळी पानं वाचतो, पण तपासून झालेली जुनी पानं टाकून देतो आणि शेवटची काहीच पानं ठेवतो. अगदी ५५० मेगाबाइटपर्यंत. त्याखेरीज कुणाची किती शिल्लक आहे याची यादी लागतेच, आणि ती दहा गीगाबाइटच्या वर आहे. आणखीही एक सवलत आहे. फार जुन्या पानांवरच्या सह्या, त्या पुष्कळांनी आधी तपासलेल्या असल्यामुळे, प्रोग्राम आपणहून पुन्हा तपासत नाही. ज्याला त्याही तपासायच्या असतील, त्यानं एक ओळ बदलायची आणि जास्त वेळ थांबायची तयारी ठेवायची.

एवढं करून मिळतं काय? पैसे तर नाहीच. नोड चालवण्याचं कुणी इनाम देत नाही. मिळतं ते इतकंच, की आपल्याला कुणी बिटकॉइन पाठवले तर ते खरंच आले का, हे कुणालाही न विचारता आपल्याच वहीत पाहता येतं. एवढ्याशा गोष्टीसाठी लोक भांडले कशाला? त्याचं उत्तर पुढच्या काही प्रसंगांत आहे.

१५ ऑगस्ट २०१०. आपल्याकडे स्वातंत्र्यदिन. त्या दिवशी या वहीच्या ७४,६३८ क्रमांकाच्या पानावर एक नोंद दिसली. कुणीतरी एका झटक्यात १८,४४६ कोटींहून अधिक बिटकॉइन स्वतःसाठी तयार केले होते. नियमानुसार एकूण बिटकॉइन कधीही २ कोटी १० लाखांच्या पुढे जाणार नाहीत. मग हे झालं कसं? जुन्या स्कूटरचा मीटर ९९,९९९नंतर शून्यावर येतो ना, तसं प्रोग्राममधली बेरीज खान्यात मावली नाही आणि उलटली. नोडला ती रक्कम बरोबर वाटली. काही तासांत दुरुस्त आवृत्ती आली. लोकांनी ती आपापल्या संगणकावर चढवली, त्यांच्या नोडनी ते पान नाकारलं आणि त्या जागी नवी पानं लिहिली जाऊ लागली. दुसऱ्या दिवसापर्यंत खऱ्या पानांची साखळी पुढे गेली आणि खोटे कोट्यवधी नाहीसे झाले. वहीचा नियम कुठल्या तिजोरीत नव्हता. तो लोकांनी चालवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये होता.

दुसरा प्रसंग ११-१२ मार्च २०१३चा. फेब्रुवारीत ०.८ ही नवी आवृत्ती आली होती आणि तिनं माहिती साठवायची पद्धत बदलली होती. एका मोठ्या पानावर घोटाळा झाला. नव्या आवृत्तीनं ते पान स्वीकारलं, जुन्या आवृत्तीनं जुन्या साठवणीच्या एका मर्यादेमुळे नाकारलं. एका वहीच्या दोन वह्या झाल्या. गंमत अशी, की पानं लिहिणाऱ्यांची जास्त ताकद नव्या बाजूला होती. नुसत्या ताकदीचा हिशेब केला असता तर जुने नोड चूक ठरले असते. पण व्यापारी आणि सामान्य वापरणारे बहुतेक जुन्याच आवृत्तीवर होते. तेव्हा मायनरांच्या ‘बीटीसी गिल्ड’ या मोठ्या गटानं स्वतःच्या पानांचं इनाम सोडलं आणि तो मागे, जुन्या आवृत्तीवर आला. काही तासांत वही पुन्हा एक झाली. बलवानानं माघार घेतली, कारण वही वाचणारेच दुसरीकडे असतील तर आपण लिहिलेल्या पानाला किंमत नाही, हे त्याला कळलं.

खरी लढाई त्यानंतरची. २०१०मध्ये नाकामोतोनं पानाच्या आकाराला एक मेगाबाइटची मर्यादा घातली होती. वापर वाढला तशी पानं भरू लागली, व्यवहार ताटकळू लागले, शुल्क वाढलं. एक पक्ष म्हणाला, पान मोठं करा. ऑगस्ट २०१५मध्ये गॅव्हिन अँड्रेसन आणि माइक हर्न या नावाजलेल्या प्रोग्रामरांच्या पुढाकारानं ‘बिटकॉइन एक्सटी’ हे सॉफ्टवेअर आलं. आठ मेगाबाइटचं पान, आणि पुढे दर दोन वर्षांनी दुप्पट, अशी त्याची मांडणी होती. मागणी वाजवी वाटते. दुकानात गर्दी झाली तर दुकान मोठं करावं.

दुसऱ्या पक्षाचं म्हणणं समजायला थोडं गणित करावं लागतं. दर दहा मिनिटांना एक मेगाबाइट म्हणजे दिवसाला १४४ मेगाबाइट, वर्षाला साधारण ५२ गीगाबाइट. आठ मेगाबाइटचं पान भरून गेलं तर वर्षाला ४२० गीगाबाइट, आणि दुप्पट होत गेलं तर विचारायलाच नको. असं झालं, की घरातल्या संगणकावर वही मावणार नाही. ती मोठ्या कंपन्यांच्या मोठ्या यंत्रांवरच राहील. मग तपासणारे मूठभर उरतील, आणि मूठभर लोक एका खोलीत बसून काहीही ठरवू शकतात. पहिल्या पक्षाला वही सगळ्यांना स्वस्तात वापरता यावी असं वाटत होतं, दुसऱ्याला ती सगळ्यांना स्वस्तात तपासता यावी असं वाटत होतं. दोन्ही बाजूंना चांगली माणसं होती. हर्ननं जानेवारी २०१६मध्ये हा प्रयोग फसला असं जाहीर करून निरोप घेतला.

मधला मार्ग म्हणून पीटर वुइला यांनी डिसेंबर २०१५मध्ये ‘सेगविट’ ही रचना मांडली होती. सह्यांचा भाग वेगळा मोजून पानात जास्त व्यवहार बसवायचे आणि जुने नोडही चालू राहू द्यायचे, अशी ती युक्ती. पण ती लागू व्हायला मायनरांची ९५ टक्के संमती हवी होती, आणि ती मिळेना. २३ मे २०१७ रोजी ५०हून अधिक कंपन्यांनी ‘न्यूयॉर्क करार’ जाहीर केला. मायनिंगची ८३ टक्के ताकद आपल्या बाजूला असल्याचा त्यांचा दावा होता. आधी सेगविट, मग सहा महिन्यांत पानाची मूळ मर्यादा दोन मेगाबाइट, असं त्यांनी ठरवलं. त्याआधीच, मार्चमध्ये, टोपणनावानं वावरणाऱ्या एका प्रोग्रामरनं वेगळाच प्रस्ताव ठेवला होता. १ ऑगस्टपासून सेगविटला तयार असल्याची खूण नसलेलं पान आमचे नोड घेणारच नाहीत! असा निर्धार करून सॉफ्टवेअर चालवणारे नोड संख्येनं कमी होते. पण ते हटायला तयार नव्हते, आणि तारीख जवळ येत होती.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात मायनरांनी सेगविटच्या बाजूनं कौल दिला. १ ऑगस्टला मोठ्या पानांचा आग्रह धरणारे वेगळे झाले आणि त्यांनी ‘बिटकॉइन कॅश’ ही आपली स्वतंत्र वही सुरू केली. २४ ऑगस्टला मूळ वहीत सेगविट लागू झालं. उरला होता करारातला दुसरा भाग, दोन मेगाबाइटचा. त्याला पुरेसा एकमुखी पाठिंबा नाही हे स्पष्ट होत गेलं आणि ८ नोव्हेंबर २०१७ रोजी पुढाकार घेणाऱ्यांनीच तो मागे घेतला. आपल्याकडे नोटाबंदीला त्या दिवशी एक वर्ष झालं होतं. आपल्या खिशातल्या पैशाचा नियम एका रात्रीत बदलू शकतो, हे आपण पाहिलं होतं. तिकडे पन्नासहून अधिक कंपन्यांनी मिळून ठरवलेला बदल होऊ शकला नाही. यातली कुठली पद्धत चांगली, हे सांगायला मी बसलेलो नाही. नियम बदलायला कुणाची संमती लागते, एवढा फरक लक्षात यावा.

या विजयानं कुणी फार फुगून जाऊ नये, असाही एक प्रसंग घडला. सप्टेंबर २०१८मध्ये कळलं, की आदल्या वर्षी आलेल्या ०.१४ या आवृत्तीत वेग वाढवण्याच्या नादात एक तपासणी गाळली गेली होती. एकाच व्यवहारात तेच पैसे दोनदा दाखवणारं पान मायनरनं मुद्दाम लिहिलं असतं, तर नोड कोसळले असते, आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांनी तर ते खरंही मानलं असतं. कुणी गैरफायदा घेण्याआधी दुरुस्ती आली. आणि ही चूक गुपचूप कळवली कुणी? वेगळ्या झालेल्या बिटकॉइन कॅशच्या गोटातल्या प्रोग्रामरनं. हजारो माणसं तपासत असली, तरी ती सगळी एकच प्रोग्राम वापरत असतील, तर त्या प्रोग्रामची चूक ही सगळ्यांची चूक होते. त्यासाठी ओळन् ओळ वाचणारे डोळेही लागतात. विरोधकाचे असले तरी.

आता या वहीची मर्यादा सांगितली पाहिजे, नाहीतर माझं बोलणं जाहिरात ठरेल. फेब्रुवारी २०१४मध्ये टोकियोची ‘माउंट गॉक्स’ ही तेव्हाची सर्वांत मोठी बिटकॉइन पेढी बुडाली. साडेआठ लाख बिटकॉइन गायब असल्याचं तिनं सांगितलं. त्यातले दोन लाख नंतर सापडले. आपल्या महाराष्ट्रात ‘गेनबिटकॉइन’ नावाच्या योजनेनं दरमहा १० टक्के परताव्याचं आमिष दाखवलं आणि कितीतरी लोकांचे पैसे अडकले. एप्रिल २०१८मध्ये पुणे पोलिसांनी मुख्य आरोपीला अटक केली. या दोन्ही ठिकाणी बिटकॉइनची वही चुकली नव्हती. लोक ती वही पाहतच नव्हते. ते दुसऱ्याच्या पडद्यावर दिसणारा आकडा आपली शिल्लक समजत होते. पण हेही खरं, की नोड चालवणाऱ्यालाही भावाची घसरण चुकत नाही, आणि त्याच्या खात्याची गुप्त किल्ली हरवली तर जगातले सगळे नोड मिळूनही ती परत देऊ शकत नाहीत. सरकार आणि कायदा आपल्या जागी आहेतच. रिझर्व्ह बँकेनं एप्रिल २०१८मध्ये बँकांना या व्यवहारांपासून लांब राहायला सांगितलं, ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं ते परिपत्रक रद्द केलं आणि २०२२मध्ये नफ्यावर ३० टक्के कर लागू झाला.

भांडणंही संपलेली नाहीत. ऑक्टोबर २०२५मध्ये बिटकॉइन कोअरची ३०वी आवृत्ती आली. व्यवहाराला चिकटवायच्या इतर मजकुराची जी मर्यादा नोड आपणहून पाळत होते, ती तिनं ८३ बाइटवरून एक लाख बाइटवर नेली. पैशाच्या वहीत चित्रं आणि मजकूर कोंबायला हे आमंत्रण आहे, असं म्हणत हजारो लोकांनी ‘बिटकॉइन नॉट्स’ हे दुसरं सॉफ्टवेअर लावलं. बाजू घेण्याइतकं ज्ञान माझ्याकडे नाही. पण हा वाद घालायला घरातला संगणक बदलता येणं पुरेसं होतं, कुणाची परवानगी लागली नाही, ही गोष्ट मला मोलाची वाटते.

बाहेरून दिसू शकणारे असे नोड जगभरात २० हजारांच्या आसपास आहेत. पृथ्वीच्या लोकसंख्येपुढे हा आकडा काहीच नाही. मग एवढ्या थोड्या लोकांच्या हट्टाला महत्त्व का द्यायचं? माझ्या मते, आपल्याच अनुभवात याचं उत्तर आहे. २००५मध्ये देशाला माहितीच्या अधिकाराचा कायदा मिळाला. त्याच्या अर्जाचं शुल्क १० रुपये ठेवलं गेलं. रोज अर्ज करणारे आपल्यात किती? फार थोडे. पण १० रुपयांत कुणीही विचारू शकतो, ही जाणीव फाइलवर सही करणाऱ्याच्या मनात राहते. तेच शुल्क १० हजार रुपये असतं, तर कायदा तोच राहिला असता आणि अधिकार मात्र गेला असता.

म्हणून पानाच्या आकाराचं ते भांडण मला तांत्रिक वाटत नाही. तपासण्याचा अधिकार सगळ्यांना आहे, असं म्हणणं सोपं असतं. तपासायला किती खर्च येतो, यावर तो खरा की नावापुरता हे ठरतं. बिटकॉइन टिकेल की नाही, मला माहीत नाही. जिथे जिथे आपल्या नावाचा हिशेब दुसऱ्या कुणाच्या यंत्रात ठेवला जातो, मग ते बँकेचं खातं असो, रेशनची नोंद असो की शेताचा सातबारा, तिथे दोन प्रश्न मात्र विचारत राहावेत. याची नक्कल माझ्याकडे आहे का? आणि ती खरी आहे की नाही, हे मला माझ्या ऐपतीत तपासता येईल का?